दादाचं प्रात्यक्षिक

माझा थोरला भाऊ दारोदार फिरून कुलपं विकायचा. बावीस वर्षं. ऑफिसात त्याला 'रेडिओ' म्हणत, कारण एकदा सुरू झाला की समोरच्याला फक्त ऐकायचं काम. मी शंभरदा सांगितलं, "दादा, गिऱ्हाइकाला काय हवंय ते आधी विचार तरी." तो म्हणायचा, "विचारलं की लोकांना शंका सुचतात. आपण बोलत राहायचं." पालथ्या घड्यावर पाणी!

त्याचं एक ठरलेलं प्रात्यक्षिक होतं. नमुन्याचं कुलूप दाराला तात्पुरतं बसवायचं, स्वतः खोलीत जायचं आणि गिऱ्हाइकाला बाहेरून किल्ली फिरवायला लावायची. मग आतून धक्के मारून दाखवायचे. याचा त्याला कोण अभिमान!

त्या महिन्यात साहेबांनी बजावलं होतं, शनिवारपर्यंत एक तरी ऑर्डर आण, नाहीतर घरी बस. शनिवारी भर दुपारी तो एका दुमजली घरात शिरला. मालक चाळिशीचा, टापटिपीचा, वागायला गोड. दादा पाऊण तास बोलला. शेवटी मालक एवढंच म्हणाला, "वरच्या खोलीला लावून दाखवा."

दादा आत गेला. बाहेर किल्ली फिरली. त्याने खांद्याने दार हाणलं आणि ओरडला, "बघा साहेब, हत्ती आला तरी हलणार नाही!" खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली. दाराचा रंग आतल्या बाजूने, कंबरेएवढ्या उंचीवर खरवडलेला. तेव्हा कुठे त्याचं तोंड बंद झालं.

आणि त्याला कुणाचा तरी श्वास ऐकू आला. कोपऱ्यातल्या पलंगावर, पांघरुणात एक म्हातारी बाई होती. हळूच म्हणाली, "बाळा, हे आतून लावता येतं का?"

दादाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण जित्याची खोड! तो मालाबद्दलच बोलला. "नाही आजी, हे फक्त बाहेरून."

"बरं," म्हणून तिने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मालक हसत होता. "पक्कं आहे. घेतो." दादाने सही घेतली आणि मागे न बघता जिना उतरला.

सोमवारी कंपनीचा मिस्त्री तिथे कुलूप बसवून आला. दादाने विचारलं, "आजी कशा आहेत?"

"कोण आजी? खोली रिकामी होती. पलंगसुद्धा नाही. भिंतींना ताजा रंग. मालक म्हणाला, इथे मी एकटाच राहतो."

दादाची नोकरी वाचली, पण त्याला घास गिळवेना. मला त्याची कीव आली आणि रागही आला, खोटं कशाला बोलू? त्याला ओढतच पोलिस चौकीत नेलं. हवालदाराने वही उघडली. बाईचं नाव काय? मालकाची कोण लागते? खोलीत कधीपासून होती?

बावीस वर्षं ज्याचं तोंड थांबलं नव्हतं, तो माझा भाऊ खुर्चीत नुसता बसून राहिला. त्याने तिला काहीच विचारलं नव्हतं.