बावन्न किलोची आक्का

फोन आला तेव्हा मी बेळगावहून निपाणीला परतत होते. मांडीवर गिरणीचा नवा पट्टा होता आणि बस संकेश्वरच्या अलीकडं होती. नवरा म्हणाला, "आक्का पडली." मी विचारलं, "सकाळी किती भरली?" तो म्हणाला, "अगं, नळाजवळ पडली." मी पुन्हा विचारलं, "अहो, सकाळी काट्यावर किती भरली?" "बावन्न... कालच्याएवढीच." "मग अंगात पाणी नाही. उचला आणि दवाखान्यात न्या." त्यावर तो म्हणाला, "न्यायला काय राह्यलं न्हाय गं." मी फोन ठेवला. शेजारच्या बाईनं आपुलकीनं विचारलं, "मिरचीचं पोतं काय हो?" मी म्हणाले, "नणंद." ती बाई खिडकीकडं सरकून बसली.

माझी नणंद शेवंता, सगळ्या गल्लीची आक्का, जाऊन आता दीड महिना झाला. माणूस गेलं की त्याला मऊ करून लिहायची पद्धत आहे. आक्काला मऊ केलं तर ती कुणाला ओळखू येणार नाही. आक्का मारायची. हातानं, लाकडानं, जे मिळेल त्यानं. लग्नानंतर चार वर्षं तिनं नवऱ्याचा मार खाल्ला आणि पाचव्या वर्षी चटणी वाटता वाटता उठून वरवंटा त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज पार ओट्यावर आला होता, असं ती सांगायची, आणि सांगताना भाकरी थापायची थांबत नसे. त्याच संध्याकाळी ती माहेरी आली, ती कायमची. तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. तिथं एका मुकादमानं नव्या पोरीचा हात धरला, तर आक्कानं त्याचं डोकं चाळणीच्या लाकडी चौकटीवर आपटलं. चाळणीतल्या तंबाखूवर रक्त सांडलं. तेवढी तंबाखू फेकावी लागली, याचंच तिला वाईट वाटलेलं.

मी या घरात आले त्या आठवड्यात आमटीत मीठ कमी पडलं म्हणून तिनं माझ्या कानाखाली वाजवली. माझ्या हातात पळी होती, ती मी तिच्या खांद्यावर हाणली. नवरा मधे पडला आणि दोघींचंही त्यालाच जास्त लागलं. आक्कानं खांदा चोळला. मग म्हणाली, "ही टिकंल." त्यानंतर आमचं जमलं. गिरणी आणि चटणीचं कांडप मी सुरू केलं तेव्हा गिऱ्हाइकांना रांगेत उभं करायचं काम आपोआप तिच्याकडं गेलं. तिच्यासमोर कुणी रांग मोडत नसे.

दोन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजायला लागले. आधी घोटे, मग पोटऱ्या. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आडवी झाली की दम लागायचा म्हणून ती भिंतीला टेकून, बसूनच झोपायची. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय दुबळं झालंय. अंगात मीठ गेलं की ते पाणी धरून ठेवतं आणि तेवढं पाणी पुढं ढकलायची ताकद या हृदयात नाही. ते पाणी पायात उतरतं, छातीत भरतं. "रोज सकाळी वजन करा," ते मला म्हणाले. "दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे. दोन दिवसांत एवढी चरबी कुणाला चढत नाही. ते पाणी." नर्सबाई कन्नड होत्या. त्यांनी आक्काच्या तोंडासमोर बोट नाचवलं, "उप्पु बेड, आक्का." मीठ नको. आक्कानं ते बोट धरलं आणि पिरगाळलं.

घरी लढाई सुरू झाली. आमच्या पुढच्या सोप्यात, जिथं कांडप चालायचं तिथं, मिठाची पोती, वर लोणचं, पापड, सांडगे, आणि मधे आक्का. पहिलं अळणी ताट तिनं भिंतीवर फेकलं. दुसरं माझ्यावर. वाटीची कड लागून माझी भुवई फाटली, अजून तिथं केस येत नाहीत. मी रक्त पुसलं आणि तिसरं ताट वाढलं, तेही अळणीच. सकाळी तिला गिरणीच्या काट्यावर उभी करायचे. "आक्का, चढा." "चढतो की, ढकलू नगंस." दळणाला आलेल्या बाया बघत बसायच्या. एकीनं विचारलं, "आज काय भाव?" आक्का काट्यावरूनच म्हणाली, "तुझ्या सासूला धाड, फुकट दीन."

पण वजन उतरेना. अठ्ठावन्न, कधी साठ. लघवीची गोळी चालू, जेवण अळणी, तरी उतरेना. आणि याच काळात शेजारी चंद्या राहायला आला. आमची आणि त्याची भिंत एक. संध्याकाळी पिऊन आला की बायकोला, सविताला, मारायचा. तिचं डोकं भिंतीवर आपटलं की आमच्या फडताळातली भांडी हलायची. आक्का उठायला बघायची. उंबऱ्यापर्यंत जायची आणि ओठ निळे पडायचे. मग ती वरवंट्यानं भिंत ठोकायची. गिलावा पडायचा, हिचा श्वास संपायचा, आणि पलीकडचा मार चालूच. मी दोनदा जाऊन दार वाजवलं. चंद्यानं कडी काढली नाही. सविता बाहेर कुणाला काही सांगू द्यायची नाही.

एका संध्याकाळी भिंत ठोकून ठोकून आक्का घामानं निथळत बसली होती. मी म्हणाले, "तुम्हाला तिकडं जायचंय ना? मग पाणी उतरवा. मीठ चोरून खाताय ते सोडा." तिनं वरवंटा खाली ठेवला. "मी चोरून खात न्हाय सुमे." "मग वाढतंय कुठनं?" "मला काय ठाऊक..."

तिचा आवाज खोटा नव्हता. म्हणून मी नीट बघायला लागले आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. वजन वाढायचं ते उपासाच्या दुसऱ्या दिवशी. जन्मात एकादशी न पाळणारी आक्का त्या वर्षी भलतीच देवभोळी झाली होती. आधी एकादशी, मग सोमवार, मग गुरुवारही. उपासाचं ती स्वतः करायची, मला चुलीजवळ येऊ द्यायची नाही. वरीचा भात, दाण्याची आमटी, तळलेल्या बटाट्याचा कीस. मला वाटलं होतं, मरणाला भिऊन देव धरला असेल. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं, उपाशी माणसाचं वजन वाढतं का? ते म्हणाले, "उपासाला मीठ कुठलं घालता?" आक्का ताठ बसून म्हणाली, "मीठ न्हाय घालत. सैंधव घालतो. द्येवाला चालतंय." तो दगड माझ्या नवऱ्यानंच आणून दिला होता, बहिणीच्या जिभेला काहीतरी चव राहावी म्हणून, आणि दुकानदारानं तो औषधी आहे म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "देवाला चालत असेल आक्का, पण सैंधव म्हणजे मीठच. अंगात गेलं की तेही पाणीच धरतं."

निपाणीला परतल्यावर ती माझ्याआधी रिक्षातून उतरली. घरात शिरली, सैंधवाची पिशवी उचलली आणि भावाच्या डोक्यात घातली. पिशवी फुटली. त्याच्या केसांत, कॉलरमध्ये, शर्टाच्या खिशात गुलाबी खडे. साठीचा माणूस हात वर करून म्हणत होता, "आक्का, मला काय म्हाईत, उपासाला चालतंय म्हणून..." "तुला काय म्हाईत असतंय रं बाळ्या, आं? काय म्हाईत असतंय?" त्याच्या कपाळातून रक्त आलं तेव्हा ती थांबली. मग लोणच्याची बरणी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर फोडली, त्यावर पापडाचा डबा. सांडगे पायाखाली तुडवले. दम लागला तसं खाली बसली आणि मला म्हणाली, "मी चोरून खाल्लं न्हवतं." मी म्हणाले, "ठाऊक आहे."

त्या दिवसापासून मला तिच्याशी भांडावं लागलं नाही. ती स्वतःच काट्यावर जाऊन उभी राहायची. छप्पन्न, चोपन्न. रोज सकाळी आकडा बघायची आणि शेजारच्या भिंतीकडं बघायची. घोट्याची हाडं पुन्हा दिसायला लागली. बावन्नवर वजन थांबलं त्या दिवशी तिनं फळीवरच्या चामड्याच्या चपला काढून पायात घातल्या. कितीतरी महिन्यांनी त्या पायात शिरल्या होत्या. सोप्यात दोन फेऱ्या मारल्या, कर्रकर्र आवाज करत. "बसल्या," म्हणाली.

दोनच दिवसांनी पलीकडं डोकं आपटल्याचा आवाज आला. आक्का ताटावरून उठली आणि चपला पायात सरकवून निघाली. मी मागोमाग गेले. त्या दिवशी चंद्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आक्का आत गेली, वाकली, उजव्या पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. पहिल्याच फटक्यात त्याचा दात फरशीवर पडला. तो अंगावर धावून आला तर तिनं टाचेच्या बाजूनं नाकावर मारलं. मी मधे पडले नाही. मी दार आतून लावलं आणि पाठ लावून उभी राहिले. ती शिव्या देत नव्हती, एकेका फटक्याला फक्त "बस खाली" म्हणत होती. शेवटी तो बसला. नाकातोंडातून रक्त गळत, लहान पोरासारखा कोपऱ्यात बसला. आक्काची छाती भात्यासारखी चालली होती, पण ओठ निळे नव्हते. ती सविताला म्हणाली, "घोटभर पाणी दे गं. घोटभरच, ज्यास्त चालत न्हाय मला."

पुढं आठवडाभरात ती गेली. अंगणात नळाजवळ उभी होती, तिथंच कोसळली. डॉक्टर म्हणाले, वजन, गोळ्या सगळं नीट असलं तरी इतकं दुबळं हृदय कधीकधी एकाएकी थांबतं. मला त्या हृदयाचा राग आला. अजून येतो. इतकं सगळं पाणी उतरवून दिलं होतं त्याला.

भेटायला कडोलीहून चुलतसासूबाई आल्या होत्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "जाणारच हुती की गं ती. उगं अळणी मारलीस. खाऊ द्याचं हुतंस बिचारीला." मी कपबशा गोळा केल्या. दारात सविता उभी होती. तिनं ते ऐकलं. सगळे गेल्यावर ती आत आली आणि म्हणाली, "काकू, आक्कांच्या चपला द्याल काय मला?" मी म्हणाले, "तुझ्या पायाला मोठ्या होतील." ती म्हणाली, "पायात घालाय नगोत."

तिनं त्या आपल्या दाराच्या वरच्या चौकटीला, आतल्या बाजूनं, खिळा मारून टांगल्या आहेत. चंद्या उंच आहे. आत जाताना टाच त्याच्या गालाला लागते. तो आता दारात आला की आधी थांबतो, हातानं चपला बाजूला करतो आणि मग आत जातो. भिंतीला अजून कान लावून बघते मी. भांडी हलत नाहीत. परवा वाऱ्यानं पावसाच्या सरी आत आल्या, चपला भिजल्या, म्हणून मी सविताला सांगितलं, काढून ठेव, चामडं खराब होईल. ती भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "असू देत काकू. वाळल्या की आणिक कडक हुत्यात."