खडी कुठं ओतली?

चार ब्रास खडी मी भर दुपारी कुठंतरी ओतली आणि कुठं ते विसरलो.

चांदे गावातल्या बांधकामावर डंपर मागं घेऊन हौदा उचलला, तर खाली खडाही पडेना. मुकादम हौद्यात डोकावला. "मोकळाच आलायस व्हय रं?"

मी हसलो. हसू थांबेना. क्रशरवर माल भरल्याची पावती खिशात होती, पण तिथून इथवरचा रस्ता डोक्यात नव्हता. एक वळण नाही, एक गाव नाही. पाटी ओल्या फडक्यानं पुसावी तसा सगळा पुसलेला.

दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. सकाळी जोडीदार ड्रायव्हरनं गोळी पुढं केली होती, "घे, झोप फिरकायची न्हाई." मी पडलो शहाणा, एकीनं काय होतंय म्हणून दुसरीही मागून घेतली. झोप खरंच फिरकली नाही. डोळे उघडे होते, गिअर पडत होते, हॉर्नही वाजवला असेल. फक्त गाडीत मी नव्हतो.

मुकादमानं चावी काढून घेतली आणि खडी शोधायला मला मोटरसायकलवर मागं बसवलं. "मानसावर ओतली न्हाईस म्हंजे झालं," एवढंच म्हणाला. तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ढीग सापडला रिहे गावाच्या अलीकडं, भाताच्या बांधाला लागून. अगदी नीट ओतलेला, कुणी सांगून ओतून घेतल्यासारखा. शेत अर्धं कापलेलं. विळा बांधावर पडलेला. माणूस कुठंच नाही. वारा नव्हता, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. आणि ढिगाच्या तळातून बायकी चपलेचा लाल पट्टा बाहेर आला होता.

मी गुडघ्यावर बसून हातांनी उकरायला लागलो. नखं फुटली. खडी काढावी तेवढी वरून घसरत होती. एरवी शिवीशिवाय न बोलणारा मुकादमही शेजारी बसून उकरायला लागला.

"काय गावलं का?"

मागं एक म्हातारी उभी. अनवाणी, कमरेपर्यंत चिखल.

"आजी, तुमी..."

"तवा मी हितंच हुते की! हौदा वर जाताना बोंबलून घसा फुटला माजा. तू आरशातनं बघितलंस, हसलास, हात केलास, आन ओतलंस. चपला टाकून खाचरात उडी मारली म्हनून हाय. मानसं बोलवाय गेल्ते वस्तीवर."

ते हसू मला आजही आठवत नाही. मी तिचे पाय धरले, रडलो, काय काय बोललो. ती माझ्याकडं बघेचना. मुकादमाला म्हणाली, "ह्याला बैलगाडी द्या बाबा. बैल तरी शुद्धीत आसतो."