केस जागेवर येईपर्यंत

आमच्या खामगावच्या खोलीखाली सलूनवाले काका आहेत. बोलणं कमी, कात्रीची टकटक जास्त. कपाळावरच्या व्रणावरून वर्गातली पोरं चिडवतात म्हणून माझी लेक शाळेत जाईना. मी सातवीत शाळा सोडलेली, परमुलखातली, काही सुचेना. तिला काकांकडे नेलं.

त्यांनी केस कपाळावर घेऊन कापले. व्रण झाकला. मी उठले.

"थांबा ताई. पोरगी काय फोटोत बसून राह्यते?" मग तिला म्हणाले, "पय वं, त्या लिंबापर्यंत."

ती पळाली, केस उडाले, व्रण दिसला. त्यांनी पुन्हा कात्री उचलली. असं तीनदा. चौथ्यांदा केस उडाले आणि आपसूक जागेवर आले.

"जा, खेळ आता."

रोज व्रणावर केस विंचरून मी तिला एकच सांगायचे, हलू नको.