पाच स्विमिंग बीच

बेव्हर्लीबाईंनी माझ्या नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे दोनच का?"

कारण दोनच होते. पोहता येईल असे बीच त्या गावाला दोन, आणि पोहू नये असे तीन. पण टुरिझम कमिटीच्या मीटिंगमध्ये इतकं सरळ उत्तर कुणी ऐकून घेत नाही. बेव्हर्लीबाई कमिटीच्या अध्यक्ष. गावातलं सगळ्यात मोठं इन, म्हणजे उतरायचं हॉटेल, तेही त्यांचंच, त्यामुळे गावात किती लोक येतात यात त्यांचा जीव अडकलेला.

मी कॅनडात, हॅलिफॅक्समधल्या एका छोट्या फर्ममध्ये कार्टोग्राफर होते. म्हणजे नकाशे काढणारी. मोटेलच्या लॉबीत स्टँडवर फुकट घड्यांचे नकाशे ठेवलेले असतात ना, तेच आमचं काम. तेव्हा फोनमध्ये नकाशे आलेले नव्हते. लोक हा कागद गाडीच्या बॉनेटवर पसरून त्याच्यावर विश्वास ठेवायचे.

गाव नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच आहेत. ओंजळ धरावी तशी खाडी, तोंडाशी एक बेट आडवं पडलेलं. त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं. दोन बीच या खाडीच्या आत. टेकाड ओलांडून गाडीने दहा मिनिटं गेलं की तीन बीच बाहेरचे. तिथे समोर थेट अटलांटिक, मध्ये आडकाठी म्हणून एक खडकसुद्धा नाही. सर्फिंग करणारे तिथे जायचे, काळे रबरी वेटसूट घालून.

माझ्या प्रूफवर आतल्या दोन बीचवर निळा पोहणारा माणूस होता आणि बाहेरच्या तिन्हींवर लाल सर्फबोर्ड. प्रूफ म्हणजे छापण्याआधी क्लायंटला दाखवायची प्रत. तिच्यावर क्लायंट पेनने बदल लिहितो आणि सही करतो.

"शेजारच्या गावाच्या ब्रोशरवर चार स्विमिंग बीच आहेत," बेव्हर्लीबाई म्हणाल्या. "आपले पाच होऊ शकतात."

"बाहेरच्या तिन्ही ठिकाणी रिप आहे. पाणी माणसाला आत ओढतं," मी म्हटलं.

"लोक तिथे पोहतात. मी स्वतः पोहलेय."

"कधी?"

"शाळेत असताना."

माझा बॉस ग्लेन शेजारी बसला होता. त्याने खाली पायाने माझ्या बुटाला ढोसलं. बेव्हर्लीबाईंनी पेन काढलं आणि प्रूफच्या कडेला मोठ्या गोल अक्षरात लिहिलं, सगळे निळे करा. खाली सही. बाकीची कमिटी कॉफी पीत होती. लाल रंगामुळे नकाशा जरा निगेटिव्ह वाटतो, असं एक गृहस्थ म्हणाले.

रिप मला ठाऊक होता, कारण मी तो पाहून आले होते. मी नागपूरची. मोठं पाणी म्हणजे अंबाझरी तलाव, तोही काठावरून. पण फील्ड चेक, म्हणजे नकाशातलं सगळं प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणं, हे मी कधी टाळलं नाही. बाहेरच्या बीचजवळ लॉरेन नावाच्या बाईंचं सर्फबोर्ड भाड्याने द्यायचं दुकान होतं. पन्नाशीच्या, पूर्वी लाइफगार्ड होत्या. त्यांनी मला वाळूच्या टेकाडावर नेलं आणि विचारलं, "तुला पाण्यात जायचंय. कुठून जाशील?"

लाटा डावीकडे फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या. मधे एक पट्टा शांत, गुळगुळीत. मी तिकडे बोट दाखवलं.

"सगळे तेच दाखवतात," लॉरेन म्हणाल्या. "दॅट्स द ड्रेन."

मग त्यांनी समजावलं. लाटांबरोबर किनाऱ्याला आलेलं पाणी परत जाणारच. पाण्याखाली वाळूचा बांध असतो. त्याला जिथे खिंडार असेल तिथून ते सगळं पाणी एकदम बाहेर पळतं, न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे पळतं तसं. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून जागा शांत दिसते. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. हाच रिप. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहायचं. हे ज्याला माहीत नसतं तो किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमतो.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. आकृतीसुद्धा काढली होती.

परतीच्या वाटेवर गाडीत मी ग्लेनला म्हटलं, "हे चूक आहे."

"शुभा, आपण नकाशे बनवतो. समुद्र नाही बनवत."

या वाक्यावर तो खूश दिसला. हे तो पुढे दुसऱ्या मीटिंगमध्येही वापरणार, हे मला तेव्हाच कळलं. आणि वापरलं त्याने.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून तीन सर्फबोर्ड पुसले आणि तीन निळी माणसं टाकली. बदल केला की प्रूफवर आपली आद्याक्षरं लिहायची पद्धत होती. तीही लिहिली. मग उठून लंच मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. कुणी माझा हात धरून हे करवून घेतलं नव्हतं. ग्लेनने आवाजसुद्धा चढवला नव्हता.

नकाशा छापला गेला. कव्हरवर लिहिलं होतं, फाइव्ह स्विमिंग बीचेस.

ऑगस्टच्या शेवटी त्याच गावाच्या पायवाटांचा नकाशा करायला मी पुन्हा गेले, हातात जीपीएस घेऊन. दिवस सुंदर होता. लख्ख ऊन, वारा नाही. दूर दक्षिणेला समुद्रात एक हरिकेन फिरत होतं. ते किनाऱ्याला लागणार नाही, असं रेडिओ सांगत होता. वादळ येत नाही, पण त्याच्या लाटा येतात. हजार मैल लांबून, निरभ्र आकाशाखाली. आतल्या बीचवर मात्र पाणी हलतही नव्हतं. लाइफगार्ड मुलगी उंच खुर्चीवर बसून पुस्तक वाचत होती. तिची चूक नव्हती. बुडायचं ठरवलं तरी तिथे कष्ट पडले असते. लाइफगार्ड तिथे होती कारण इनच्या खिडक्या तिकडे उघडायच्या. बाहेरच्या बीचवर एकही नव्हती.

मी बाहेर पोचले तेव्हा पार्किंगमध्ये साठीचं एक पंजाबी जोडपं उभं होतं. बॉनेटवर माझा नकाशा, त्यात बीचना एक ते पाच नंबर. आपल्याकडची बाई दिसल्यावर त्या गृहस्थांनी हिंदीत विचारलं, "बहनजी, चार नंबर यही है ना?"

"यही है," मी म्हटलं.

भाटिया त्यांचं नाव. विनिपेगला शाळेत शिकवून रिटायर झालेले. समुद्र पहिल्यांदाच बघत होते, पण कम्युनिटी सेंटरच्या पूलमध्ये रोज सकाळी वीस लॅप मारायचे, हे त्यांनी मला लगेच सांगितलं. मिसेस भाटियांनी वाळूवर टॉवेल पसरला.

लाटा घराएवढ्या नव्हत्या, पण माणसापेक्षा उंच होत्या. मी म्हटलं, "आज मत जाइए. पानी ठीक नहीं है."

ते हसले. "मैप में तो स्विमिंग लिखा है. और देखिए, उधर बीच में कितना शांत है."

तो नकाशा मी काढला आहे, हे तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "फिर भी." छापील कागदासमोर "फिर भी" किती टिकणार? ते चष्मा बायकोकडे देऊन त्या गुळगुळीत पट्ट्याकडे चालू लागले.

मी लॉरेनच्या दुकानाकडे धावले. वाळूत धावता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या दारातच बोर्ड धूत होत्या. मी फक्त म्हटलं, "माणूस. ड्रेनमध्ये." त्यांनी काही विचारलं नाही. दुकानातल्या पोरीला ९११ लावायला सांगितलं, बोर्ड उचलला आणि निघाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा भाटियांचं डोकं बरंच लांब गेलं होतं. ते पोहत होते. अगदी शिस्तीत, पूलमध्ये पोहतात तसे, तोंड किनाऱ्याकडे करून. आणि मागे मागे जात होते. मिसेस भाटिया पाण्याच्या कडेला उभ्या राहून त्यांना "आ जाओ, आ जाओ" म्हणत होत्या. त्यांना वाटत होतं, ते मुद्दाम लांब जाताहेत. मग हात वर येणं थांबलं. मग डोकंही दिसेना.

लॉरेन त्याच रिपमधून बाहेर गेल्या. जाणकाराला तो रस्ता फुकट घेऊन जातो. मला किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. एका लाटेवर बोर्ड दिसला, त्यावर पालथे भाटिया, मागे लॉरेन. त्या लांबून वळसा घालून आल्या. वाळूवर आणल्यावर भाटियांना भडाभडा उलट्या झाल्या, सगळं खारं पाणी. ओठ निळे. अँब्युलन्स आली तेव्हा ते बायकोला सॉरी म्हणत होते.

अँब्युलन्समध्ये चढण्याआधी मिसेस भाटियांनी मला विचारलं, "आपने मना किया था. आपको कैसे पता था?"

मी सांगितलं. रिप, प्रूफ, निळा माणूस, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी नकाशाची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून आत चढल्या.

घरी जेवताना मी नवऱ्याला हे सांगत होते. पंधरा वर्षांची मुलगी समोर होती. तिने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "सो यू न्यू, आई? तुला माहीत होतं?"

नवरा म्हणाला, "अगं, तिच्या हातात नव्हतं." पण माऊस माझ्याच हातात होता.

भाटिया दोन दिवसांनी हॉस्पिटलमधून सुटले. आठवड्याभराने कमिटीची मीटिंग भरली. लॉरेननाही बोलावलं होतं. त्यांना प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं होतं. फ्रेम आधीच आणलेली होती. त्यानंतर नकाशाचा विषय निघाला.

"माणसाने स्वतःचा कॉमन सेन्स वापरायला हवा," बेव्हर्लीबाई म्हणाल्या. "आपण मागच्या बाजूला एक डिस्क्लेमर टाकू."

डिस्क्लेमर म्हणजे, आमच्यावर विश्वास ठेवलात तर जबाबदारी तुमची, असं सांगणारी ओळ. ती नेहमी बारीक अक्षरात असते, कारण कुणी वाचावी अशी इच्छा नसते.

"पाच पॉइंटमध्ये बसेल," ग्लेन लगेच म्हणाला.

पाच पॉइंटचं अक्षर मुंगीएवढं असतं.

मी म्हटलं, "मी ते टाकणार नाही. तिन्ही चिन्हं लाल करा, नाहीतर हा नकाशा माझ्याकडून होणार नाही."

"शुभा थोडी अपसेट आहे," ग्लेन कमिटीला म्हणाला.

मग मी फाइलमधून जुनं प्रूफ काढून टेबलावर ठेवलं. लाल सर्फबोर्ड, आणि शेजारी गोल अक्षरात, सगळे निळे करा. कमिटीत एक म्हातारे लॉबस्टर पकडणारे गृहस्थ होते. एरवी ते मीटिंगमध्ये डुलक्या काढायचे. त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

सगळ्यांना अक्षर ओळखू येत होतं.

"आणि ही खालची आद्याक्षरं?"

"माझी," मी म्हटलं.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बेव्हर्लीबाईंकडे. "त्या पाण्याने माझा भाऊ नेला," ते म्हणाले. "तो पोहण्यात पटाईत होता." आणि कागद परत सरकवला.

लॉरेननी फ्रेम टेबलावर तशीच ठेवली आणि निघून गेल्या. दुकान उघडायचं होतं त्यांना.

पुढच्या छपाईत तिन्ही चिन्हं लाल झाली. कव्हरवर आलं, टू स्विमिंग बीचेस, थ्री सर्फ बीचेस. आधीचे नकाशे स्टँडवरून काढायचं काम कुणाचं, यावर आणखी एक मीटिंग झाली म्हणे. लॉरेन स्वतःच मोटेल-मोटेल फिरल्या आणि उचलून आणले. बेव्हर्लीबाईंनी ग्लेनला कळवलं की यापुढे त्यांना दुसरा कार्टोग्राफर हवा. ग्लेनने दिला. तो मुलगा हुशार होता. क्लायंटशी वाद घालत नसे.

गंमत पुढेच झाली. लाल बोर्ड बघून खरे सर्फिंगवाले येऊ लागले, अगदी मॉन्ट्रियलहून. इन भरू लागलं. बेव्हर्लीबाईंनी गावच्या पेपरला मुलाखत दिली की, कमिटीने सुरक्षिततेला नेहमीच प्राधान्य दिलं आहे. फोटोत त्या वेटसूट वाळत घातलेल्या दांडीशेजारी उभ्या होत्या, जणू ते सगळे त्यांनी स्वतःच शिवले होते.

भाटियांना मी एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. यायचं कारणही नव्हतं.

रिटायर होईपर्यंत माझ्या हाताखाली बरेच जण शिकून गेले. प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी सांगायचे: जिथे आपल्या माणसाला पाण्यात उतरू देणार नाही, तिथे पोहणारा माणूस काढायचा नाही. सगळे माना डोलवत. काही जण वहीत लिहून घेत. मग क्लायंटचा पहिला फोन येई, आणि त्यांतले बरेच जण चिन्ह बदलून देत.