राजापूरहून परतीचा रस्ता

सावंतकाका खुर्चीतून उठायला तयार नव्हते. स्क्रीनवर त्यांची लाल बस राजापूरच्या स्टँडवर उभी होती. ‘अभिनंदन, फेरी पूर्ण’ अशी अक्षरंही येऊन गेली होती. तरी त्यांचे दोन्ही हात टेबलाला लावलेल्या स्टिअरिंगवरच.

“काका, संपलं,” मी म्हणालो.

“संपलं कसं? गाडी परत कोण नेणार, तुझा बापूस?”

रत्नागिरीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी लेव्हल डिझायनर आहे. म्हणजे व्हिडिओ गेममधले रस्ते, वळणं, चढ-उतार मी मांडतो. तेव्हा आम्ही कोकणात बस चालवण्याचा गेम करत होतो. रस्ते खरे वाटतात का, हे बघायला निवृत्त एसटी ड्रायव्हर सावंतकाकांना प्लेटेस्टला बोलावलं होतं. प्लेटेस्ट म्हणजे गेम बाजारात जाण्याआधी परक्या माणसाच्या हाती देऊन बघणं. तसे ते मला परके नव्हते. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि पालीहून कॉलेजला यायचो ते त्यांच्या सकाळच्या गाडीनं. मी धावत येताना दिसलो की ते गाडी थांबवायचे आणि शिव्या द्यायचे. ती गाडी थांबली नसती तर माझं बरंच काही राहिलं असतं. म्हणून त्यांना माझं काम दाखवायची हौस होती.

परतीचा रस्ता तयार होता, पण आम्ही तो लॉक केला होता. गेममध्ये ‘डीएलसी’ नावाचा प्रकार असतो. मूळ गेम घेतल्यावर वरून पैसे देऊन घ्यायचा जादा भाग. आमच्या पब्लिशरला, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या पुण्याच्या कंपनीला, तो पहिल्या दिवसापासून हवा होता. नवीन काही बनवायला वेळ नव्हता. तेव्हा परतीचा रस्ता कापून वेगळा विकायची कल्पना मीच काढली. मीटिंगमध्ये शाबासकीही मिळाली.

हे मी काकांना समजावून सांगितलं.

“म्हणजे माणसाला राजापूरला नेऊन सोडायचं,” ते म्हणाले, “आणि अडकला की यायचा रस्ता विकायचा.”

“तसं नाही काका. ते ऑप्शनल आहे.”

“घरी येणं ऑप्शनल? मेल्या, गाडी डेपोत जमा केल्याशिवाय आमची ड्युटी संपत नसे.”

मागे उभ्या असलेल्या आमच्या बॉस, दामले मॅडम, आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

“हे उठत नाहीयेत,” त्या मला म्हणाल्या. “बाकीचे खेळणारे उठतील आणि पुन्हा बसणार नाहीत. कल्पना तुझी होती, पुण्याला फोनही तूच कर.”

स्टुडिओकडे तेव्हा तेवढं एकच मोठं काम होतं. ते गेलं तर आम्हा सहा जणांना दुसरीकडे अर्ज करावे लागले असते. मी फोन लावला आणि परतीचा रस्ता मूळ गेममध्येच द्यायला हवा, असं सांगितलं. पब्लिशरकडचे देशमुख सर शांतपणे म्हणाले, “हे चालेल असं तूच सांगितलं होतंस.”

“हो सर. मी चुकलो.”

“मग विकायचं काय?”

फोनवर हात ठेवून मी काकांना विचारलं, “वरून पैसे देऊन तुम्ही कुठला रस्ता घ्याल?”

“केळशी,” ते लगेच म्हणाले. “अख्ख्या नोकरीत तिकडची ड्युटी कधी लागली नाही.”

मी तेच सरांना सांगितलं.

“गेमनंतर किती दिवस लागतील?”

“दोन महिने, सर.”

“एक,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

गेम परतीच्या रस्त्यासकट आला. केळशी महिन्यानं आली, आमचे डोळे लाल करून. काहींनी लिहिलं, रस्ता छोटा आहे. छोटा आहेच, मीही तेच लिहिलं असतं. पण फसवलं असं कुणी लिहिलं नाही.

काकांना केळशी फुकट द्यायची होती. त्यांनी ऐकलं नाही. विकत घेण्याआधी फक्त एक फोन केला.

“यायचा रस्ता आत आहे ना?”

“आहे काका.”

“मग घेतो.”

डीएलसीला पैसे द्यावेत का, असं ओळखीचे लोक मला अजून विचारतात. मी एवढंच विचारतो, तो न घेता तुम्ही घरी पोचता का? पोचत असाल तर खुशाल घ्या. पोचत नसाल, तर तो जादा भाग नव्हे.