रंगवलेल्या हंड्या

पोशीरहून माझी पाठवणी झाली तेव्हा टेंपोत स्टीलचे डबे होते, ॲल्युमिनियमची पातेली होती. मातीचं एकही भांडं नव्हतं. मी कुंभाराची मुलगी. आई म्हणाली, "सासरचे हसतील गं." हंड्या-तव्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. गणपतीच्या मूर्ती रंगवून बाबा घर चालवत होते.

पुण्यात बारा वर्षं गेली. मग आमच्या सोसायटीतल्या बायकाच मातीच्या हंड्या कुठे मिळतात विचारू लागल्या. मी फोन केला आणि बाबांनी चाक पुन्हा मांडलं. पहिल्या खेपेच्या हंड्यांवर धुराचे काळे डाग होते. दोघी-तिघींनी नाकं मुरडली, तेही मी बाबांना कळवलं. दुसरी खेप लालभडक, तुकतुकीत आली. चार दिवसांत नऊ घरांत गेली.

पाचव्या दिवशी मी स्वतः त्यातल्या एका हंडीत वरण शिजायला ठेवलं. उकळी आली तसा वास आला, आमच्या पडवीत गणपतीच्या मूर्ती रंगवताना यायचा तो. काठावरून बोट फिरवलं, बोट लाल.

वरच्या मजल्यावरची मेघना तसल्याच हंडीत बाळाची पेज करायची. धावत गेले, गॅस बंद केला, पेज ओतून दिली.

"बाबा, हंडीला काय लावलंय?"

फोनवर बाबा म्हणाले, "चकाकी नसंल तर लोकं घेत नाय. तूच सांगितलंस ना गं."

नवरा म्हणाला, गुपचूप बदलून दे, बाबांचं नाव कशाला? सांगितलं तर नुकतंच फिरू लागलेलं चाक थांबणार होतं. पण आठ घरांत अजून त्याच हंड्या गॅसवर होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर मी सगळं लिहिलं; डागांची तक्रार मीच पोचवली होती, तेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दारात उभे. "चल, घरं दाखव." प्रत्येक दारात हात जोडून म्हणाले, "मूर्तीचा रंग हाय, पोटात जाया नको. चूक माझी हाय." एकीने दार लावून घेतलं. मेघनाचं बाळ बरं होतं, पण ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही.

आता हंड्या बिनरंगाच्याच जातात, आणि भट्टी उघडायच्या दिवशी मी पोशीरला असते. एकेका हंडीत पाणी उकळून तपासते. बाबा शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत असतात. गावात राहिलेले म्हणतात, पोर माहेरपणाला आली. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना माहेर म्हणजे विसावा. मला मात्र तिथे विसावा नसतो. गेल्या खेपेला मी पाच हंड्या नको म्हटल्या. बाबांनी त्या उचलून मागे नेल्या, आणि आईने मला चहा करायला सांगितला. लग्नानंतर पहिल्यांदाच; आजवर पाहुणीसारखा हातात मिळायचा.