मावशींनी वेचलेली खटपट

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मावशी सव्वीस वर्षं फाटकी वर्तमानपत्रं सांधत होत्या. झिजलेल्या कडेला पातळ कागद लावायचा, हलक्या हाताने खळ फिरवायची, वाळलं की शिवायचं. वाचायचं मात्र नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. "वाचत बसले तर खळ सुकते," म्हणायच्या. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. माझं टेबल त्यांच्या दाराशीच.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. "अहो, इकडे या जरा. मेलेल्या माणसाची अशी बदनामी करतात का हो पेपरात?"

शंभरेक वर्षांपूर्वीच्या अंकात एका मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी होती. 'कैलासवासी मोठे खटपटी गृहस्थ होते.'

"माझी सासू मला खटपटी म्हणायची, ते काही कौतुकानं नाही," मावशी म्हणाल्या. "मी कुणाचे कान भरतेय असं वाटलं, की म्हणायची."

मी पुढचं वाचून दाखवलं. त्या गृहस्थांनी शाळेसाठी जागा मिळवली, दारोदार हिंडून मुलं गोळा केली.

"अगंबाई, ही तर स्तुती!" मावशी चाटच पडल्या.

नियम तिथेच मोडला. 'खटपट' दिसली की मावशी कागदाच्या चिठ्ठीवर वाक्य आणि तारीख उतरवायच्या. व्याख्यानांची खटपट, विहिरीची खटपट. मग एका मासिकात स्टोव्हची जाहिरात आली: 'धूर नको, खटपट नको!'

"धरला चोर!" मावशी म्हणाल्या. "चांगला मेहनतीचा शब्द, ह्या स्टोव्हवाल्यांनी त्याची कटकट केली."

आठवडाभर त्या खुशीत होत्या. मग त्याहून कितीतरी जुन्या अंकात दोन भावांमधली 'खटपट' सापडली, तीही अगदी हातघाईवर आलेली. मावशींचं तोंड एवढंसं झालं. म्हणजे चांगला आणि वाईट, दोन्ही अर्थ तेव्हाही नांदतच होते.

मग त्यांनी चिठ्ठ्या वेगळ्याच तऱ्हेने लावल्या. "अडतीस खटपटी पुरुष. सगळे थोर. बायका सहाच चिठ्ठ्यांत, त्यातल्या पाच कोर्टाच्या बातम्यांच्या."

"आणि सहावी?"

त्यांनी अंक पुढे सरकवला. 'काही खटपटी बायांनी बाजारात स्त्रियांसाठी मुतारी हवी म्हणून नगरपालिकेच्या दारात ठाण मांडले. असले विषय चारचौघांत काढणे शोभत नाही.'

दोन आठवड्यांनंतरच्या अंकात त्याला उत्तर होतं. 'संपादकसाहेब, आपण थोरामोठ्यांना खटपटी म्हणता तेव्हा वर हारही घालता. तोच शब्द आम्हांला दिलात, आभारी आहोत. हार नको. मुतारी पाहिजे.' खाली सही: 'बाजारात बसणारी एक बाई.'

मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "झाली का हो ती शेवटी?"

पुढच्या चार महिन्यांचे अंक आम्ही पालथे घातले. झाली होती. उद्घाटनाच्या बातमीत अकरा नावं, अकराही पुरुषांची.

"फीत कापायलासुद्धा हेच!" मावशी कडाडल्या.

रविवारी त्या पत्राची नक्कल घेऊन बाजारात गेल्या; मीही गेलो. कोपऱ्यात ती जागा अजून होती, नव्या फरशा बसवलेली. शेजारी लिंबं विकणाऱ्या आजीबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं.

"नाव काय हिचं?"

"छापलेलं नाही."

"मग शोधा की! एवढे कागद आहेत ना तुमच्याकडे?"

मावशींना ते लागलं. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, तरी दर मंगळवारी येतात. नगरपालिकेच्या दप्तरात खेटे घालून त्यांनी मुतारीसाठी बायांनी केलेला मूळ अर्ज मिळवला. त्यावर एकेचाळीस अंगठे आहेत आणि शाईची एकच सही, निम्मी वाळवीने खाल्लेली. पहिलं अक्षर तेवढं उरलंय. मला तो 'भ' वाटतो. मावशी म्हणतात, "'म'च आहे, तुम्हाला डोळे नाहीत."